माहेर

आज संध्याकाळी रिक्षात मन्ना डेंचं ‘लागा चुनरी में दाग’ लागलं होतं. १९६३चं गाणं, रोशनचं संगीत, भैरवी. शेकडो वेळा ऐकलंय, पण कान कायम त्या तराण्याकडे. आज पहिल्यांदा शब्द नीट ऐकले. कोरी चुनरी म्हणजे आत्मा, हे जग सासर आणि ते जग बाबुलचं, म्हणजे वडिलांचं घर. डाग घेऊन तिथे तोंड कसं दाखवू? एकदम एकनाथांचं ‘माझे माहेर पंढरी’ आठवलं. आई पोळ्या लाटताना गुणगुणायची. हे गाणं लिहिणारे साहिर लुधियानवी देव न मानणारे, तरी ही ओढ त्यांनी कुठून आणली असेल? घर आलं, पण गाणं संपेपर्यंत मी उतरले नाही. रिक्षावाले काकाही मीटर बंद करून गप्प बसून राहिले.