गोरू, बोरू आणि टेन्शन

शनिवार, रात्री साडेदहा

आज अकरावा दिवस. पंधरा-सोळा वर्षांची चौदा जपानी पोरं, सकाळचा सराव उरकून मैदानाच्या कडेला चटईवर बसतात आणि मी त्यांना दीड तास इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "इंग्रजी शिकायला जपानातनं सांगलीला? हितं काय इंग्रजांची वस्ती हाय व्हय?" खरं तर ती आलीत फुटबॉलचे मैत्रीचे सामने खेळायला. मधल्या वेळात त्यांचं इंग्रजी जरा सुधारावं असं त्यांच्या कोचला वाटलं, आणि मी रिटायर होऊन घरीच होते.

त्यांच्या भाषेत 'ल' नाही, आणि 'न' सोडला तर शब्द व्यंजनावर थांबत नाही. त्यामुळे गोलचा होतो 'गोरू' आणि बॉलचा 'बोरू'. चेंडू आणून देणारी आमची पोरं हसून लोळतात. "बाई, ही गुरं हाकायला लागल्यात की!" बोरू म्हणजे पूर्वीची लेखणी, हे मात्र आमच्या पोरांना मलाच सांगावं लागलं.

आकडे शिकवायला सामन्यांचे निकाल बरे पडतात. कतारचा २०२२ चा विश्वचषक त्यांना तोंडपाठ: जर्मनीला हरवलं दोन-एक, स्पेनलाही दोन-एक. मग एकाने विचारलं, "इंडिया?" मीही सोडलं नाही. १९६२, जकार्ता, आशियाई सुवर्णपदक, दक्षिण कोरियावर दोन-एक. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यानंतरचं कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या गोलकीपरला विचारलं, "डिडन्ट यू ब्रिंग युवर नोटबुक?" तो म्हणाला, "येस, सेन्सेई." सेन्सेई म्हणजे आपल्याकडच्या बाई. मी हात पुढे केला. तो नुसताच उभा. पुन्हा विचारलं, पुन्हा "येस". मनात चिडलेच. म्हटलं, वही नाही आणलीस? आणि उत्तरही मनात मराठीतच आलं: हो, नाही आणली.

म्हणजे तो आपल्यासारखाच बोलत होता! समोरचा म्हणतोय ते बरोबर, म्हणून 'हो'. इंग्रजीला फक्त वही आली की नाही एवढ्याशीच देणंघेणं, म्हणून तिथे 'नो'. पस्तीस वर्षं मी या 'येस'खाली लाल रेघ मारली, पोरांचं लक्ष नाही म्हणून. नववीतल्या एका मुलीला तर तासभर बाकावर उभं केलं होतं. ती रडत होती आणि 'येस'च म्हणत होती. आज ती चाळिशीत असेल.

संध्याकाळी आमच्या पोरांबरोबर सामना. जपानी पोराची पेनल्टी बारवरून गेली तशी त्याची टीम ओरडली, "दोनमाई!" हे 'डोन्ट माइंड'चं जपानी रूप, अर्थ 'जाऊ दे, मनावर घेऊ नको'. इंग्रजीत असं म्हणत नाहीत, 'नेव्हर माइंड' म्हणतात, हे सांगायला मी उठलेच होते. तेवढ्यात आमचा डिफेंडर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ रे!" मी खाली बसले. 'डोन्ट टेक टेन्शन'वरही माझ्या लाल पेनाची शाई थोडी गेलेली नाही.

दहा मिनिटांनी आमच्या पोराने मोकळा गोल घालवला. आमचाच बाक ओरडला, "दोनमाई!"

आता वह्या तपासायला घेते. तेरा आहेत.