पाटीवर 'चर्च', आत 'बुद्धं सरणं गच्छामि'

कॅलिफोर्नियात 'बुद्धिस्ट चर्च' अशी पाटी दिसली तर बिनधास्त आत जा, विहारच आहे तो. बसायला लाकडी बाकांच्या रांगा, कोपऱ्यात पियानो किंवा ऑर्गन, हातात गीतांचं पुस्तक, मुलांसाठी रविवारची धम्मशाळा. हे पाहून 'ख्रिस्त्यांची नक्कल' म्हणणारे बरेच भेटतात. ते आम्हाला पटत नाही.

१८९९ मध्ये जपानमधल्या जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे दोन धर्मगुरू, सोनोदा आणि निशिजिमा, सान फ्रान्सिस्कोला आले. जपानी कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमधून विहार उभे राहिले. इथे जन्मलेल्या मुलांना धम्म कळावा म्हणून इंग्रजी प्रवचनं आली, गाणी आली. १९४२ मध्ये सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, आणि बौद्ध धर्मगुरूंना तर पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर लगेचच पकडलं होतं. युटातली टोपाझ छावणी चालू असताना, १९४४ मध्ये, या विहारांच्या संघटनेने 'बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका' हे नाव घेतलं. त्या काळात 'चर्च' हा शब्द ढालीसारखा होता.

रविवारची वंदना साधारण तासभर चालते. समोरची मूर्ती बहुधा शाक्यमुनींची नसते, उभ्या अमिदा (अमिताभ) बुद्धाची असते. इथे अगरबत्ती लावत नाहीत, सुट्या धुपाचे कण निखाऱ्यावर टाकतात. धूपपात्राच्या दोन-तीन पावलं अलीकडे थांबून किंचित झुका, पुढे व्हा, उजव्या हाताने एकच चिमूट घालून हात जोडा, 'नामो अमिदा बुत्सु' म्हणा, वाका, मग मागे सरका. आपल्या माणसाचा हात सवयीने कपाळाकडे जातो. काही पंथांत धूप तसा कपाळाला लावतातही, या पंथात नाही. मूठभर घातलात तर नुसता धूर होतो. सूत्रांचं पुस्तक मात्र उघडण्याआधी आणि मिटल्यावर दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलायचं. ते जमिनीवर ठेवणं फार खटकतं.

सूत्रपठण चिनी-जपानी उच्चारांत चालतं, त्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही. पण पुष्कळ ठिकाणी त्रिशरण पालीतच म्हणतात, आणि तिथे नागपूर-औरंगाबादच्या माणसाला पुस्तक लागत नाही.

पहिल्यांदा जायचं असेल तर जुलै-ऑगस्टमधला ओबोन हा सण गाठा. पूर्वजांच्या स्मरणार्थ गोल करून नाचतात. त्याचा सराव आधी काही आठवडे संध्याकाळी चालतो आणि बहुतेक ठिकाणी कोणालाही येऊ देतात. पावलं येत नसतील तर आतल्या रिंगणातल्या जाणत्या बायकांकडे बघत राहा.