इन्सर्ट आणि स्पेस

अहवाल मी आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता. संस्थेतल्या चौतीस कॉम्प्युटरांपैकी एकवीस विंडोजवरून लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यावेत, अशी शिफारस आणि त्याखाली कारणं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला तो संचालक मॅडमच्या टेबलावर जायचा होता. मधला दिवस चाचणीसाठी राखलेला, पण चाचणीचा निकाल माझ्या मनात कधीच लागून गेला होता.

प्रश्न तारखेने आणला होता. विंडोज १० बाजारात आलं २०१५च्या जुलैमध्ये आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणार नव्हते. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडणार नाहीत, हे मी सगळ्यांना पुनःपुन्हा सांगत होते. पण त्यानंतर एखादं नवं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही, आणि आमच्या मशीनवर लोकांची खासगी कागदपत्रं असतात. विंडोज ११ला टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप लागते, सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सिक्युअर बूटची सोय लागते आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमची ही एकवीस मशीन सहाव्या-सातव्या पिढीची. प्रत्येकात आठ जीबी रॅम, आणि दोन वर्षांपूर्वी मी स्वतः बसवलेली एसएसडी. उत्तम चालणारी. ही तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. स्वतःच्या घरी मी त्या वापरेन, पण दुसऱ्यांचं काम ज्यावर उभं आहे तिथे नाही. आणि चालती मशीन भंगारात घालायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

त्यात लिनक्सवर माझं प्रेम. २००८ साली उबुंटू ८.०४ हा लिनक्सचा एक प्रकार माझ्या मशीनवर पहिल्यांदा चढवलं, तेव्हापासून घरी दुसरं काही वापरलेलं नाही. कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे मला त्यानेच शिकवलं. त्यामुळे 'बदलायचं का?' असा प्रश्न माझ्यापुरता नव्हताच. 'कधी?' एवढाच होता.

सकाळी साडेनऊला उबुंटू २४.०४चा पेन ड्राइव्ह घेऊन सुरुवात केली. लाइव्ह सेशनची सोय मला फार मोलाची वाटते. सगळी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते, डिस्कला हात लागत नाही, आणि माणसाला स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या प्रिंटरसह नवं घर हिंडून बघता येतं. चेकलिस्ट छापून घेतली होती. रकाने तीन: प्रोग्रॅम, प्रिंटर-स्कॅनर, फायली.

दुसऱ्याच मशीनवर माझ्या हातून चूक झाली. जुन्या सवयीने मी बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. त्याची गरज नव्हती, उबुंटू ते चालू असतानाही सुरू होतं. चाचणी झाली, पेन ड्राइव्ह काढला, आणि विंडोज उघडण्याऐवजी निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. बूट होण्याच्या पद्धतीत बदल दिसला की टीपीएम डिस्कची किल्ली सोडत नाही, ते त्याचं कामच आहे. त्या मशीनची की माझ्या नोंदींत नव्हती. शेजारी उभ्या सहकाऱ्याच्या तीन वर्षांच्या फायली त्या कुलपामागे. सिक्युअर बूट परत चालू केलं तेव्हा मशीन काही न विचारता सुरू झालं, पण ती मधली दोन मिनिटं मला अजून आठवतात. पुढच्या मशीनला हात लावण्याआधी मी एकवीसही मशीनच्या कीज उतरवून घेतल्या. त्यात अकरा वाजले.

मग वेग आला. प्रिंटर ड्रायव्हर न मागता स्वतःहून दिसले. बारा पानांचा एक मसुदा वर्डच्या जागी येणाऱ्या लिबरऑफिसमध्ये तेरा पानांचा झाला, कारण कॅलिब्री फॉन्ट तिथे नव्हता. त्याच मापाचा कार्लिटो बसवल्यावर ओळी जागच्या जागी आल्या. जुन्या स्कॅनरला काही केल्या ड्रायव्हर मिळाला नाही. हिशेबाच्या शीटमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, अर्धे चालले, अर्धे नाहीत, आणि अर्धवट चालणारा हिशेब न चालणाऱ्यापेक्षा वाईट, म्हणून तिथे मी वेळ घालवला नाही. अठरा मशीन झाली तेव्हा यादीवर सोळा बरोबरच्या खुणा होत्या. माझा अहवाल जवळजवळ जसाच्या तसा जाणार होता.

एकोणिसावं मशीन ताईंचं.

ताई आमच्याकडे पत्रव्यवहार बघतात. आलेलं प्रत्येक पत्र वाचणं, नोंदवणं, उत्तराचा मसुदा करणं. त्या जन्मापासून दृष्टिहीन आहेत आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो. ताईंच्या मशीनला मॉनिटर आहे तो फक्त आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी.

मी तयारीनिशी गेले होते. लिनक्सवर ओर्का नावाचा स्क्रीन रीडर असतो हे मला माहीत होतं, उबुंटूमध्ये तो आधीपासूनच असतो हेही. यादीत ताईंच्या नावापुढे मी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: 'ओर्का आहे.' पेन ड्राइव्ह लावला, ऑल्ट, सुपर आणि एस दाबलं, आणि कॉम्प्युटर बोलू लागला.

ताई हसल्या. "अगं, हा तर माझाच आवाज!"

खरंच तोच होता. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी हा आवाज येतो आणि ओर्काही तोच वापरत होता. ऐकायला अगदी यांत्रिक, धातूसारखा. पण वेग कितीही वाढवला तरी शब्द फुटत नाहीत म्हणून ताईंना तोच आवडतो. मी सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवत नेला. मला काहीच कळेनासं झालं त्यानंतरही त्या "अजून, अजून" म्हणत होत्या. मग "हं, आता ठीक" म्हणाल्या आणि फायरफॉक्समध्ये नोंदवहीचं पान उघडलं. एच दाबत मथळ्यांवरून उड्या मारत त्या सरळ फॉर्मपर्यंत पोचल्या. एनव्हीडीएतही एचच. मी बरोबरच्या खुणेसाठी पेन्सिल उचलली.

ताईंनी इन्सर्ट धरून स्पेस दाबला. ओर्काच्या सेटिंगची खिडकी उघडली.

खिडकी बंद करून त्यांनी पुन्हा तेच दाबलं. पुन्हा खिडकी.

एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि स्पेस म्हणजे पान वाचायच्या अवस्थेतून रकान्यात लिहायच्या अवस्थेत जाणं आणि परत येणं. ओर्कामध्ये त्यासाठी इन्सर्ट आणि ए. मी सांगितलं, त्यांनी लक्षात ठेवलं, आणि चौथ्या रकान्यात बोटं पुन्हा स्पेसवर गेली. पाचव्यातही. ताईंना दिवसभरात हे शेकडो वेळा करावं लागतं. एका पत्राची नोंद त्या एरवी चार मिनिटांत करतात. त्या दुपारी मी घड्याळ लावलं होतं, वीस मिनिटं झाली तरी ती पुरी झाली नव्हती.

"आणि आर?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं स्कॅन करून चित्ररूपात येतात, त्यात अक्षरं नसतात, फक्त ठिपके. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि आर दाबलं की विंडोजची अंगभूत ओसीआर त्या चित्रातली अक्षरं ओळखते आणि ताई ती वाचतात. सहा वर्षं मी त्या मशीनची देखभाल करत होते आणि त्या ती कळ दर तासाला दाबतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यासमोरच्या ओर्कात तशी कळ नव्हती.

"टेसेरॅक्ट म्हणून एक ओसीआर आहे," मी म्हटलं, "मी छोटीशी स्क्रिप्ट लिहून एका कळीवर बसवून देईन."

"लिहिशील तू. पण तोवर पत्रं कोण वाचणार?"

आवाजात चीड नव्हती. एक व्यवहारी प्रश्न त्यांनी विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी कोणाच्या शेजारी बसण्याची ही माझी पहिलीच वेळ, हे बसल्यावर लक्षात आलं. बाकीच्या अठरा जणांशी मी उभ्यानेच बोलले होते.

ताईंनी मग त्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी त्या जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर वापरत. एनव्हीडीए हा मुक्त आणि फुकट स्क्रीन रीडर आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी स्वतःहून ठरवलं की त्यावर जायचं. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणाने २००६ साली त्यावर काम सुरू केलं, आणि तो स्वतः अंध आहे, याचं त्यांना विशेष होतं. त्यांनी जॉज काढून टाकला नाही. दोन्ही ठेवले. दिवसा कामाला जॉज, रात्री तासभर एनव्हीडीए. आधी नुसती मेल, मग वेबपानं, मग शीट. तीन महिन्यांनी एका सकाळी जॉज सुरू करायचं राहून गेलं आणि ते त्यांना दुपारी कळलं.

"तेव्हा बदलायचं मी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून जमलं. आज सकाळपासून मी तुझी पावलं ऐकतेय, या टेबलावरून त्या टेबलावर. मला वाटलं, माझ्याकडे आधी येईल. कारण सगळ्यात जास्त माझंच बदलणार आहे."

याला मी काय म्हणणार? यादीतला क्रम मी मशीनच्या क्रमांकावरून लावला होता.

ओर्काबद्दल मात्र त्या वाईट बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "चांगला आहे गं तो. बोटांना वेळ लागेल, एवढंच." मी पेन्सिलीची नोंद पुन्हा वाचली. 'ओर्का आहे.' खोटं त्यात काही नव्हतं. पण त्या दोन शब्दांवर मी एका बाईचं सोमवारचं काम थांबवायला निघाले होते.

पाच वाजता मी मॅडमकडे गेले ती अहवालाशिवाय. एक आठवडा मागितला. त्यांनी कारण विचारलं. यादीत तीन रकाने होते आणि चौथा हवा होता, असं मी म्हटलं. चौथा कसला, तर दिवसभर ते माणूस न बघता, न आठवता, बोटांनी काय काय करतं त्याचा.

पुढचा आठवडा मी प्रत्येकाशेजारी अर्धा अर्धा तास नुसती बसले. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. बरोबरच्या खुणा मिळालेल्या सोळांतलं एक मशीन त्यातून बाहेर पडलं. तो सहकारी मनगटाच्या दुखण्यामुळे लांब मजकूर विंडोजच्या डिक्टेशनवर बोलून लिहितो, आणि शुक्रवारी मी समोर उभी असताना त्याने चार ओळी टाइप करून दाखवल्या होत्या. 'तुम्ही घाईत होता,' म्हणाला. उलट चाचणी न झालेली शेवटची दोन मशीन अपेक्षेपेक्षा सहज गेली. त्यांवरचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं आणि त्या दोघांना खाली कोणती सिस्टिम आहे याने काही फरक पडत नव्हता.

अखेरीस सतरा मशीन उबुंटूवर गेली. ताई, हिशेब आणि डिक्टेशनवाला सहकारी यांच्यासाठी विंडोज ११ची तीन नवी मशीन मागवली. स्कॅनरचं मशीन नेटवर्कपासून तोडून विंडोज १०वरच ठेवलं. संस्थांना तीन वर्षांपर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेता येतात. तो पर्यायही मी मॅडमपुढे ठेवला होता, पण तीन वर्षांनी हाच प्रश्न परत दारात उभा राहिला असता. सतरा मशीन वाचल्याचा आनंद मला आहे आणि तो लपवावासा वाटत नाही. लिनक्स आमच्याकडे रोज चालतं आणि तक्रारी अगदी मोजक्या येतात.

ताईंचं जुनं मशीन मी उचलायला गेले तेव्हा त्यांनी ते डाव्या हाताला ठेवून घेतलं. त्यावर उबुंटू घालून मागितलं. आता काम संपल्यावर अर्धा तास त्या त्यावर बसतात. त्या बाजूने जाताना कधीकधी दोन्ही मशीनमधून तोच धातूसारखा आवाज एकदम ऐकू येतो, आणि कोणता ओर्काचा, कोणता एनव्हीडीएचा हे मला सांगता येत नाही.

टेसेरॅक्टच्या स्क्रिप्टची पहिली आवृत्ती त्या डाव्या मशीनवर आहे. सरळ स्कॅन ती नीट वाचते. पान थोडं तिरपं आलं की शब्द गाळते आणि ताई मला हाक मारतात.