बार्शी रोड म्हणजे आपली कुर्डुवाडी

माझी आजी शेवटपर्यंत कुर्डुवाडीला बार्शी रोड म्हणायची. लहानपणी वाटायचं रस्त्याचंच नाव असेल, पण नाही, स्टेशनचंच जुनं नाव ते. रेल्वेत एखाद्या स्टेशनला असं 'रोड' जोडलं असेल तर बहुतेक वेळा समजायचं की मूळ गाव लांब आहे, इथं उतरा आणि पुढं रस्त्याने जा. म्हणजे स्वतःच्या गावाचं नाव नाही, 34 किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाचं नाव, यातच या स्टेशनची सगळी गोष्ट आली.

झालं असं की 1860 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली पण लाईन बार्शीला बाजूला ठेवून गेली, आणि बार्शी तर कापसाची, धान्याची मोठी बाजारपेठ, त्यामुळे सगळा माल बैलगाडीने स्टेशनपर्यंत आणायचा. हे दुखणं नेमकं ओळखलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने, जो आधी जीआयपीमध्येच होता. त्याने 1895 मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू झाली.

मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. अरुंद गेजची (दोन रुळांमधलं अंतर कमी असलेली) गाडी म्हणजे कमी माल नेणारी, असं त्याला मान्यच नव्हतं. त्याने हिशोब असा मांडला की इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग रूळ हलके चालतात, खर्च कमी होतो, आणि चाकं वाढवली की वाघीण लांब आणि भरपूर माल घेणारी करता येते. इंजिनाला तर आठ चाकं ओढणारी आणि मागे भार पेलायला अजून चार. हाच माणूस पुढे पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याचं गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं, म्हणजे बघा डोकं कसं असेल!

मग लाईन वाढत गेली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला निजामाच्या राज्यातलं लातूर, 1927 ला मिरज, एकूण सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. छोट्या गाडीचं दुरुस्तीचं वर्कशॉपही कुर्डुवाडीतच.

पण माझ्या मते कुर्डुवाडी खरी वाढली ती रुळांच्या फरकामुळे. मोठी लाईन साडेपाच फुटी, छोटी अडीच फुटी, एकीचा डबा दुसरीवर जाणारच नाही. म्हणजे लातूरकडून आलेलं प्रत्येक पोतं इथं उतरवून परत चढवायचं, आणि माणसांनाही उतरायलाच लागायचं, मग ते व्यापारी असोत नाहीतर आषाढीचे वारकरी. त्यावर हमालांची, चहावाल्यांची घरं चालली. मला आठवतंय ते एवढंच की अर्ध्या रात्री आई हाताला धरून ओढत न्यायची, डोक्यावर वळकटी घेतलेले बाबा पुढं, आणि तिकडं ती बुटकी गाडी उभी. मला ती माझ्याच मापाची वाटायची.

2000 नंतर टप्प्याटप्प्याने सगळी लाईन ब्रॉडगेज झाली. चांगलंच झालं, यात मला शंका नाही, जुन्या लाईनवर नसलेलं धाराशिवसुद्धा या वेळी जोडलं गेलं, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी बार्शीचं जे झालं होतं ते धाराशिवच्या बाबतीत उशिरा का होईना दुरुस्त झालं. आता मुंबईहून लातूरला थेट जाता येतं आणि कुर्डुवाडी झोपेतच मागे पडते.

मागच्या वेळी मी मुद्दाम गजर लावून उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. एक फोटो काढून आईला पाठवला. सकाळी तिचा फोन, बाकी काही नाही, एवढंच विचारलं, "छोटी गाडी लागायची ती जागा दिसली का गं?"