जुनं सागवान, दुसऱ्याचं मशीन

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात गेली, तेव्हा पोटमाळ्याच्या तुळया आणि दाराच्या दोन चौकटी मी पाडकामाच्या ठेकेदाराला पैसे देऊन सोडवून घेतल्या. बर्मा सागवान. एवढ्या जाडीचं नवं लाकूड घ्यायला रे रोडच्या वखारीत गेलं, तर घनफुटाचा भाव ऐकूनच माणूस मागे फिरतो. त्याचं जेवणाचं टेबल करायचं ठरलं. भांडुपला ओळखीच्या काकांचा गाळा आहे. तिथे प्लेनर (फळीची एक बाजू सपाट करणारं मशीन), थिकनेसर (फळी सगळीकडे सारख्या जाडीची करणारं), टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत) सगळं आहे. काका म्हणाले, "नवा माल असता तर आत्ता मारून दिला असता. जुना असेल तर मी हात फिरवून बघितल्याशिवाय मशीनला लागणार नाही."

अट रास्त होती. थिकनेसरची पाती हायस्पीड स्टीलची, म्हणजे एका कठीण पोलादाची. एक खिळा लागला की धारेला खाच पडते आणि मग पुढच्या प्रत्येक फळीवर त्याच जागी लांबलचक उंचवटा उमटतो. (खाच लहान असेल तर दोनपैकी एक पातं किंचित आडवं सरकवायचं, म्हणजे खाचेसमोर खाच येत नाही. ही काकांची युक्ती.) टेबल सॉच्या दातांना कार्बाइड नावाच्या कठीण पदार्थाची टोकं असतात. ती कठीण खरी, पण ठिसूळ. तुकडा उडाला तर कुठे जाईल याचा नेम नाही. शिवाय खिळ्यावर उडालेली ठिणगी भुसा ओढणाऱ्या यंत्राच्या पिशवीत गेली, तर तिथे धुमसत राहते आणि पेटते ती गाळ्याला कुलूप लागल्यावर.

आधी रंग काढला. चौकटींवर ऑइलपेंटचे थरावर थर होते. जुन्या रंगात शिसं असण्याचा धोका मोठा; आपल्याकडे घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा लागू झाली तीच मुळी २०१७ च्या नोव्हेंबरात. त्यामुळे रंगावर सँडर (घासायचं मशीन) नाही, रंधाही नाही. पेंट रिमूव्हर लावून, ओलं असतानाच पात्याने खरवडलं आणि खरवड पिशवीत बांधून टाकली. घरात लहान मुलं असतील तर हे काम घरात करूच नये.

तुळयांना रंग नव्हता, पण चुना, वाळू आणि भिंतीचं सिमेंट होतं. खिळ्याची सगळ्यांना धास्ती, वाळूकडे कोणी बघत नाही. खरं तर धार बोथट करण्यात तीच पुढे. तारेच्या ब्रशने चारी बाजू घासल्या. भिंतीत गेलेली टोकं मात्र साफ होईनात, ती जुन्या हातकरवतीने कापूनच टाकली.

मग खिळे. डोक्याचे खिळे जंबुराने निघतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वेळ खातात ते डोकं तुटलेले. गंजून लाकडाच्या पातळीखाली गेलेला खिळा दिसत नाही, पण सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून भोवती निळसर काळा डाग धरतं. डाग दिसला की पटाशीने भोवतीचं लाकूड वाटीसारखं कोरायचं, खिळ्याचं टोक पकडीत येईल इतकं, आणि सरळ वर ओढायचं. हलवाहलव केली की तो आत तुटतो.

लोहचुंबक फिरवलं तर लोखंड सापडतं. चौकटींच्या बिजागऱ्या मात्र पितळी स्क्रूंनी बसवलेल्या, आणि पितळेला चुंबक चिकटत नाही. त्यासाठी मॉलच्या दारावर फिरवतात तसला हातातला मेटल डिटेक्टर लॅमिंग्टन रोडवरून आणला. गाळ्यात तो जिथे तिथे वाजू लागला, कारण आजूबाजूला सगळं लोखंडच. माल बाहेर पॅसेजमध्ये लाकडी घोडीवर ठेवला तेव्हा कुठे खरं काय ते कळलं. वाजेल तिथे खडूने गोल केला, खणलं, पुन्हा फिरवलं. एकेका गोलात दोन दोन खिळे निघत.

शेवटी काका आले. डिटेक्टर त्यांनी बाजूला ठेवला आणि तळहात फिरवत टोकापर्यंत गेले, मग म्हणाले, "चालेल. पण आज जुनी पाती चढव." थिकनेसरच्या आधी प्लेनरवर एक बाजू सपाट केली. जुन्या तुळया पिळलेल्या असतात. पिळलेली तुळई टेबल सॉवर डगमगली की पातं चिमटतं आणि फळी चालवणाऱ्याच्याच अंगावर उलटी येते. पात्यामागचं, चीर मिटू न देणारं पातळ पान काकांनी कोणाच्याही सांगण्यावरून कधी काढलेलं नाही. थिकनेसरवर एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लाकूड तासायचं नाही हेही ठरलेलं. तोंडाला मास्क होताच, पण सागाच्या बारीक भुशाने डोळे चुरचुरले. काम संपल्यावर पिशवी तिथल्या तिथे बाहेर रिकामी केली.

टेबलाच्या वरच्या फळ्यांवर खिळ्यांचे काळे डाग राहिलेत. कोरलेल्या वाट्यांत सागाच्याच गोल खुंट्या ठोकल्या. चौकटीचा एक तुकडा काकांनी परत दिला, कारण आतला पितळी स्क्रू खोलवर तुटलेला होता आणि तो काढायचा तर अर्धं लाकूड जाणार होतं. तो घरी आणून हातरंध्याने, स्क्रूची जागा सोडून, साफ केला. आता तो टेबलाखालची आडवी पट्टी आहे.