एका ग्रॅम कोल्चिसिनसाठी अठरा दिवस

गव्हाच्या ओंबीवर मक्याचे पराग टाकून एकगुणित, म्हणजे निम्मीच गुणसूत्रं असलेली रोपं मिळवायची, हे माझं पीएचडीचं काम. पुंकेसर काढणं, पराग टाकणं, दुसऱ्या दिवशी टू-फोर-डी हे संप्रेरक देणं, सगळं जानेवारीत उरकलं. फलन होतं, पण मक्याची १० गुणसूत्रं गव्हाच्या पेशीत नांदत नाहीत. पेशी दुभंगताना त्यांना ओढून नेणारे तंतू नीट पकडत नाहीत, ती मागे पडतात आणि पहिल्या काही विभाजनांतच नाहीशी होतात. उरतात गव्हाची २१. दाण्यात पोषणही धरत नाही, म्हणून पंधराव्या दिवशी दाणा फोडला की नुसतं पाणी. नशीब असेल तर त्यात पांढरा ठिपका. तोच गर्भ, चिमट्यानं उचलून पोषक माध्यमावर ठेवायचा.

माझी १३ रोपं जगली. २१ गुणसूत्रांवर दाणा भरत नाही, ती ४२ करायला कोल्चिसिन हवं, तेही तीन-चार फुटवे आल्यावर लगेच. आणि इथेच घोडं अडलं.

विषारी रसायन, म्हणून इंडेंटवर, म्हणजे स्टोअरच्या मागणीपत्रावर, तीन सह्या. पहिल्यांदा परत आलं, ‘प्रयोजन स्पष्ट करावे’. लिहिलं, ‘गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी’. स्टोअरमधले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “आधी अर्धी केलीत कशाला?” उत्तर द्यायला अर्धा तास लागला, तोवर साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा खर्चाचं हेड चुकलं. तिसऱ्यांदा काकांनीच नाव वाचलं आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. “अहो, हे तर मी गाऊटसाठी घेतो!” त्या दिवशी सही झाली. तोवर १८ दिवस गेले होते आणि चार रोपांना ओंब्याही आल्या होत्या, पोकळ.

इंडेंट पेरणीच्याच आठवड्यात टाका. आणि हो, मका दहा-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा पेरा, थंडीत तुरा उशिरा येतो. हे आधी सांगायला हवं होतं.

उरलेल्या नऊ रोपांची मुळं द्रावणात बुडवून नंतर रात्रभर नळाखाली धुतली. ग्लोव्हज दोन-दोन घाला. दोन रोपं गेली. पुढे एका ओंबीला बोटांनी दाबून बघितलं, खालच्या बाजूला तीन दाणे टणक लागले. काकांना नेऊन दाखवले. म्हणाले, “एवढ्यासाठी?”