कापणी झाली की सफकच्या शेतात मशीनवाले येतात

ऑगस्टमध्ये इकडे गहू-बार्ली कापून झाली की मोकळ्या शेतांत माणसं दिसायला लागतात, कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचं मशीन, मान खाली घालून अगदी हळूहळू चालतायत. मी आधी धरून चालले होते की गॅसची पाइपलाइन बघत असतील. ते मेटल डिटेक्टरवाले निघाले, आणि इंग्लंडमध्ये हा चक्क छंद आहे. आपल्याकडे रिटायर झालेले काका सकाळी लाफ्टर क्लबला जातात ना, तसे इथले आजोबा रविवारी दुसऱ्याच्या शेतात जुनी नाणी शोधायला जातात.

आम्ही इप्सविचला राहतो, सफक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. आमच्या शेजारचे आजोबा या कामात मुरलेले आहेत आणि मला इतिहासाची आवड म्हटल्यावर ते मलाही नेतात. शेतकऱ्याकडून त्यांनी लेखी परवानगी घेतलीये, जे सापडेल त्यात अर्धं अर्धं. परवानगी नसेल तर बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि एखादी जागा सरकारने संरक्षित स्मारक म्हणून नोंदवली असेल तर मालक हो म्हणाला तरी तिथे मशीन चालवता येत नाही, त्याला वेगळी सरकारी परवानगी लागते, १९७९ चा कायदाच आहे तसा.

बरं सापडतं काय? नव्वद टक्के कचरा असं म्हटलं तरी कमीच होईल. कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या चिंध्या, त्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडं, बटणं, शिशाच्या गोळ्या. लोखंडाला मशीन घोगरा आवाज काढतं आणि चांदीला गोड, असं आजोबा म्हणतात, पण डब्याचं अ‍ॅल्युमिनियमही तितकंच गोड गातं त्यामुळे दर वेळी वाकून खणावंच लागतं आणि कंबरेचा भुगा होतो.

एकदा मात्र मजा आली. धसकटांमध्ये आवाज आला, आजोबांनी फावड्याने चौकोनी ढेकूळ उचलून उलटं ठेवलं, छोट्या पॉइंटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या डिटेक्टरने, चाचपलं आणि बोटांनी माती चुरली तर आत नखाएवढा अर्धगोल तुकडा, करडा, इतका पातळ की जोरात दाबला तर वाकेल. मला वाटलं नांगराने तुटलं असणार. पण नाही, एक बाजू एकदम सरळ, मुद्दाम कापलेली. तेराव्या शतकातली चांदीची पेनी, तिसऱ्या हेन्रीच्या काळातली. त्या वेळी पेनीपेक्षा लहान नाणं इथे जवळजवळ नव्हतंच, मग सुट्टे हवे असले की लोक पेनीच मधोमध कापायचे, अजून कमी हवं तर चार तुकडे. नाण्याच्या मागे मोठा क्रॉस असतो, १२४७ पासून तो पार कडेपर्यंत नेला होता, त्या रेघेवर कापायचं. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा सफकमधला कोणी माणूस बाजारात सुट्ट्यांवरून वाद घालत होता आणि घरी येताना त्याचा अर्धा पेनी पडला! बराच वेळ मी तो तुकडा हातातून सोडला नाही.

एकटं नाणं सहसा कायद्याने 'ट्रेझर', म्हणजे गुप्तधन, ठरत नाही, ते ठेवता येतं. पण आजोबा तेही इथल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे घेऊन जातात. असे अधिकारी ठिकठिकाणी आहेत, ते वस्तूचा फोटो काढतात, वजन करतात, नेमकी जागा लिहून घेतात आणि वस्तू परत देतात. १९९७ पासून हे चाललंय, हल्ली ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली, आणि त्यांच्या ऑनलाइन यादीत आता पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत.

खरं ट्रेझर म्हणजे तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू, किंवा एकत्र सापडलेली तितकीच जुनी सोन्याचांदीची दोन तरी नाणी, असं ढोबळमानाने १९९६ चा कायदा सांगतो, पुढे त्यात भर पडलीये. चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. हो, संशयास्पद मृत्यूची चौकशी करतो तोच कॉरोनर, गुप्तधनाचीही चौकशी त्याच्याकडे! मग एखाद्या म्युझियमला वस्तू हवी असेल तर एक समिती बाजारभाव ठरवते आणि ते पैसे साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मे निम्मे होतात. सगळी गोम या बाजारभावात आहे. लपवून विकण्यात फायदाच उरत नाही.

इथे सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट हॉक्सनची, तेही सफकमध्येच. १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, तो शोधायला एरिक लॉज नावाचे त्याचे मित्र मशीन घेऊन गेले आणि सापडली रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे. लॉज यांनी थोडं खणलं, आवाका लक्षात आल्यावर थांबले आणि कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या लोकांनी व्यवस्थित खणून काढलं, त्यामुळे पेटीत काय कसं रचलेलं होतं तेही कळलं. साडेसतरा लाख पौंड मिळाले, त्यांनी शेतकऱ्याला वाटा दिला. हातोडाही सापडला, आणि तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, याचं मला भारी हसू येतं.

पण सगळे असे नसतात. २०१५ मध्ये हेरफर्डशरला दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा मिळाला, त्यांनी कळवलंच नाही, तुकड्या-तुकड्यांनी विकला, २०१९ मध्ये जेलमध्ये गेले. अंदाजे तीनशे नाणी असावीत, हाती आली जेमतेम तीस. त्यात काही नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ असे तेव्हाच्या दोन इंग्लिश राज्यांचे राजे शेजारी शेजारी, म्हणजे दोघं बरोबरीचे दिसतात, आणि या केओलवुल्फला मात्र वेसेक्सच्या बखरीत व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं म्हणून पार निकालात काढलेलं. बाकीच्या नाण्यांत अजून काय होतं ते गेलं कायमचं.

रात्री चोरून खणणाऱ्यांना इथे नाइटहॉक म्हणतात. आमच्यापासून जवळच रेंडलशॅम आहे, तिथल्या शेतमालकाला यांनी भंडावून सोडलं होतं. त्याने काउंटीच्या पुरातत्त्व विभागाला सांगितलं आणि त्यांनी काय करावं, तर २००८ पासून चांगल्या मशीनवाल्यांनाच बोलावून अख्खं रान पद्धतशीर पिंजून काढलं, प्रत्येक वस्तूची जागा जीपीएसने टिपली. त्या ठिपक्यांतून अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्लंडच्या सुरुवातीच्या काळातल्या, राजांची वस्ती उभी राहिली, आणि २०२२ मध्ये खणल्यावर तेवीस मीटर लांबीच्या राजवाड्यासारख्या दालनाच्या खुणा मिळाल्या. एकेक वस्तू फुटकळ होती, जागा माहीत होती म्हणून किंमत.

हे सगळं घरी सांगितलं तर मावसभाऊ म्हणतो, ताई, येताना एक मशीन आण, गडावर जाऊ पावसाळ्यानंतर. अरे बाबा, संरक्षित गडावर खणलास तर आत जाशील! २०२५ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांवरचा सिनेमा बघून, मुघलांचं धन तिथे पुरलंय असं वाटून, बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला लोकांनी रात्री टॉर्च आणि मशीन घेऊन शेतं खणली, त्याचे व्हिडिओ आठवत असतीलच. त्यातून कुणाला काय ज्ञान मिळालं?

आपल्याकडेही कायदा आहे, १८७८ चा, इंग्रजांनीच केलेला. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. शोधणाऱ्याला वाटाही आहे त्यात. पण सरकारने ठेवा घेतला तर काय देणार, धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. आता मला सांगा, नांगरताना ज्याला तांब्याच्या शिवराई नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं तो मोडीच्या भावासाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवेल की गुपचूप नाण्यांच्या दलालाला गाठेल? नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या शक राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला, म्हणून तर त्याने नहपानाचं राज्य घेतलं याचा इतका ठसठशीत पुरावा आपल्याकडे आहे. तो ढीग आधीच सोनाराच्या मुशीत गेला असता तर? मावसभावाला मी एवढंच सांगितलंय की मशीन आणणार नाही, पण शेतात कधी काही लागलंच तर हात लावायच्या आधी फोनवर फोटो काढ आणि लोकेशन सेव्ह कर.